न कापलेला पीस

झाडेकाकांनी मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. कांचघर मोहल्ल्यात फ्रॉक घालून फिरत होते तेव्हा मी "रामभाऊची पोरगी" होते. कॉलेज संपलं आणि त्या दिवसापासून "बी.एस्सी." झाले. "काय बी.एस्सी., आज क्लास नाही?" "बी.एस्सी., इकडे ये, हे पाहा." पुढे मी एम.एस्सी.ही केलं, नेपियर टाउनमध्ये कोचिंगला केमिस्ट्री शिकवू लागले, माझ्या हाताखालून कितीतरी पोरं इंजिनियर होऊन गेली. पण काकांच्या लेखी माझी बढती झाली नाही. मला त्याचं वाईट वाटलं नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. कोणी ते रोज भर रस्त्यात मोठ्यानं ओरडून सांगत असेल, तर सांगू दे ना.

माझे बाबा फॅक्टरीत लेबर होते आणि झाडेकाका त्याच शॉपचे फोरमन. शॉप हीट ट्रीटमेंटचं. लोखंडाचे पुर्जे भट्टीत लाल करायचे, तेलात बुडवायचे, पुन्हा बेतानं तापवायचे, असं काम. काका म्हणजे उंच, काटकुळा माणूस. अर्ध्या बाह्यांचा बुशशर्ट, दोरीनं गळ्यात अडकवलेला चष्मा, आणि डावी भुवई जवळजवळ नाहीच, कारण एकदा भट्टीचं दार उघडताना ती जळून गेली आणि पुन्हा धड उगवली नाही. त्यामुळे त्यांचा चेहरा कायम अर्धा आश्चर्यात असल्यासारखा दिसे.

भट्टीतल्या प्रत्येक बॅचबरोबर एक तुकडा जास्तीचा जाई. त्याला टेस्ट पीस म्हणत. बॅच निघाली की काका तो तुकडा व्हाइसमध्ये, म्हणजे लोखंडी शिकंज्यात, आवळत, हातोड्यानं तोडत आणि तुटलेली बाजू उजेडाकडे धरून बघत. आतले कण रव्यासारखे बारीक दिसले तर बॅच पास. साखरेसारखे चमकले तर सगळा माल परत भट्टीत. माल बरोबर आहे असं मशीन सांगत असायचं, तरी साहेब हातोडा मागायचेच, असं बाबा सांगत. "तोडल्याशिवाय आतलं समजत नाही, रामभाऊ." हे वाक्य बाबांनी घरी इतक्यांदा ऐकवलं होतं की माझी आई भोपळा चिरतानासुद्धा ते म्हणून घेई.

ही सवय शॉपच्या गेटवर ठेवून घरी येणाऱ्यातले काका नव्हते. नवा रेडिओ आणला की तो वाजतो की नाही हे बघण्याआधी त्याचं मागचं झाकण उघडायचं. खरबूजवाल्याकडे उभ्या उभ्या फोड कापून घ्यायची, आणि पसंत नाही पडलं तर त्याच्याशी भांडून दुसरं कापायला लावायचं. आणि माणसंही त्यातून सुटत नसत.

मी बारावी झाले तेव्हा आमच्याकडे सगळ्यांचं एकच चाललं होतं, आता पोरीचं लग्न करून टाका. बाबा एकटे पडले होते. त्यांनी काकांना घरी बोलावलं. काका आले, आमच्या एकुलत्या एका खुर्चीवर बसले आणि चहा निवून जाईपर्यंत मला प्रश्न विचारत राहिले. लोखंडाला गंज काहून येतो? दूध नासते म्हणजे काय होते? मला येत होतं ते मी सांगितलं. शेवटी त्यांनी पोलादाबद्दल काहीतरी विचारलं. मी म्हटलं, "हे मला येत नाही."

"अंदाजे सांग."

"अंदाजे कसं सांगू? येत नाही म्हणजे येत नाही."

काका उठले. बाबांना म्हणाले, "रामभाऊ, शिकव हिला. येत नाही ते सरळ येत नाही म्हणते. असा माल परत नाही पाठवायचा."

माझं कॉलेज असं ठरलं. म्हणून काकांच्या तोडून बघण्याला लोक नावं ठेवत, तेव्हा मला दोन्हीकडून बोलता येत नसे. मी त्या हातोड्याखालून पास होऊन निघालेली.

त्यांची मुलगी मनीषा मात्र तशी निघाली नाही. तिनं स्वतः पसंत केलेला रायपूरचा मुलगा घरी आणला, तर काकांनी त्याला व्हाइसमध्येच आवळला. नोकरी काहून सोडली होती? पहिली की दुसरी? साहेबाशी पटलं नाही की काम जमलं नाही? मुलाच्या हातातले पोहे तसेच राहिले. काकांच्या पत्नी प्रमिलाकाकू पाण्याचा ग्लास घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "घ्या बाबू, पाणी प्या. यांच्यासमोर घसा सुकते सगळ्यांचा." लग्न झालं, पण जावई पुढे कितीतरी वर्षं सासऱ्याशी "नमस्कार" आणि "चलो, निघतो" याच्या पलीकडे बोलला नाही, आणि मनीषाचे फोन फक्त आईला येत.

प्रमिलाकाकूंबद्दल वेगळं सांगायला हवं. ठेंगण्या, गोल, हसल्या की पदर तोंडाला लावणाऱ्या. काका रिटायर झाले, त्यांनी विजय नगरला घर बांधलं, आणि पुढे योगायोगानं मीही त्यांच्या मागच्या गल्लीत वरचा मजला भाड्यानं घेतला. रविवारी त्यांच्याकडे कोंबडीचा रस्सा असे आणि मला हाक येई. काकू सगळ्यांना वाढून मग जेवायला बसत. तंगड्या पाहुण्यांना, छातीचे पीस काकांना, आणि पातेल्याच्या तळाशी उरलेली मान, पंख, पाठीचं हाड काकूंना. त्या ते हाड इतक्या मन लावून चोखत की मला वाटे, त्यांना तेच आवडतं. सगळ्यांना तसंच वाटे.

मग काकूंच्या गळ्यात गाठ निघाली. नागपूरला नेलं. मागच्या दाढा काढल्या, मग रेडिएशनचे शेक दिले. गाठ गेली, काकू घरी आल्या. पण तोंडातली लाळ गेली ती परत आली नाही. "रेती भरल्यासारखं वाटते ग," त्या मला म्हणाल्या. प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट. रस्सा करावा तर मिरची-मसाला जिभेला लागताच डोळ्यांतून पाणी. बिनमसाल्याची उकडलेली कोंबडी करून दिली, तर पहिल्याच घासाला ताटली सरकवून म्हणाल्या, "हे दवाखान्याचं आहे. मी दवाखान्यातून आली आता." वजन उतरत चाललं होतं. डॉक्टरनं बजावलं होतं, यांच्या पोटात अंडी, चिकन, मासे असं काहीतरी गेलंच पाहिजे, नाहीतर उभ्या राहणार नाहीत.

मनीषानं कधीतरी केक करायला म्हणून आईला छोटा ओव्हन पाठवला होता. तो खोक्यातच होता. एका रविवारी मी गेले तर काका तो ओट्यावर मांडून, चष्मा लावून, त्याच्या पोटात डोकं घालून बसलेले.

"बी.एस्सी., पाहा. भट्टी आहे ही. छोटी आहे, पण भट्टी."

"काय भाजणार?"

"मनीषाच्या मायसाठी कोंबडी. मसाला नाही, रस्सा नाही. नुसतं मीठ, लसूण, दही. पण सुकायला नाही पाहिजे. सुकली की हिच्या घशाखाली उतरत नाही."

मग ते काकूंकडे वळले. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "तुला कोणता पीस आवडते?"

काकू पदर तोंडाला न लावताच हसल्या. "मला काय माहीत? कोणी कधी विचारलं का? जे उरते ते खाल्लं."

काकांची उरलेली भुवई खाली आली. हे बोलणं त्यांना लागलं, हे मला दिसलं. ते फक्त म्हणाले, "अच्छा. मग सगळे करून पाहू."

आणि खरंच त्यांनी सगळे करून पाहिले. कांचघरच्या बाजारातला जुना चिकनवालाच त्यांना चाले. त्याच्याकडे जाऊन ते पीस हातात घेऊन जाडी बघत. "चमडी काढू नको. हा जाड, हा पातळ, दोघं सोबत नाही चालणार. एकसारखे दे." चिकनवाला गिऱ्हाइकांकडे बघून म्हणे, "दादा, मुर्गा ले रहे हो कि पुर्जा?"

पहिल्याच दिवशी त्यांनी ओव्हनच्या बटणावर अविश्वास दाखवला. आत वेगळा थर्मामीटर टांगला आणि जाहीर केलं, "डायल खोटं बोलते." पहिली तंगडी बाहेरून झाली, आत हाडाजवळ लाल. दुसऱ्या खेपेला त्यांनी तिला निवांत वेळ दिला. तंगडी आणि मांडी दमानं घेतात, त्यांना जास्त वेळ भट्टीत ठेवलं तर त्या बिघडत नाहीत, उलट मऊ होतात, हे त्यांना लवकर कळलं. पंख झटपट होतात आणि झटपट कोरडे पडतात. म्हणून ते ट्रेमध्ये मांडी आधी ठेवत, पंख मागाहून. शॉपमध्ये जाड आणि पातळ माल एका बॅचला ते कधी घालत नसत. इथेही घातला नाही. मांडीचा पीस तर असा व्हायला लागला की मला घरी बांधून न्यावासा वाटे.

काकूंनी सगळे चाखले. तंगडी छान होती, पण दाढा नसल्यानं हाडापासून ओढता येईना. मांडीचंही तेच. पंख आणि मान, ज्यांवर त्यांनी जन्म काढला होता, ते चोखणं तर आता होणारच नव्हतं. त्यांनी ताटलीतले पीस बोटानं बाजूला केले आणि छातीच्या पांढऱ्या तुकड्यावर बोट ठेवलं. "हे पाहिजे. बिनहाडाचं. हे मऊ झालं तर मी खाईन."

छातीचा पीस म्हणजे सगळ्यांत अवघड. त्यात चरबी नाही, थोडं जास्त झालं की लाकडाचा भुसा. काका त्या पिसाच्या मागे लागले. जाड बाजू लाटण्यानं ठोकून सारखी केली. मी त्यांना सांगितलं, आधी मिठाच्या पाण्यात ठेवा, मीठ आत जाईल आणि पाणी धरून ठेवेल. ते म्हणाले, "कॉलेजची फी वसूल झाली तुझ्या बापाची." पिसात खुपसायचा सुईवाला थर्मामीटर आणला. आकडा आला की ट्रे बाहेर.

तरी पीस कोरडा. पहिल्यापेक्षा बरा, पण कोरडा. काकू एक घास घेत, पाणी पीत, दुसरा घेत, आणि मग, "ठेवा, मंग खाते" म्हणत. नंतर कधी खात नसत. बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागल्या होत्या. काका रविवारची वाट न पाहता जवळजवळ रोजच भट्टी लावू लागले. मीठ कमी-जास्त, आंच कमी-जास्त, वरून तूप, वरून दही. आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांनी त्या दिवसांत अंग धरलं, काकूंनी नाही.

आणि रोज एक गोष्ट मात्र तीच. ट्रे बाहेर आला, की काका सुरी घेऊन पीस मधोमध कापत, दोन्ही बाजू ट्यूबलाइटकडे धरत आणि आतले धागे बघत.

मी एकदा म्हटलं, "काका, सुईवर आकडा आला ना? मग कापता काहून?"

"आकडा सांगते, बी.एस्सी. डोळा पाहते."

मग एकदा असं झालं. काकांनी ट्रे बाहेर काढून ओट्यावर ठेवला आणि सुरी उचलली, तेवढ्यात फाटकावर सिलेंडरवाला आला. त्याच्याशी काकांचं जुनं भांडण. प्रत्येक सिलेंडरचं वजन करून दाखव, हा त्यांचा हट्ट. ते बाहेर गेले. काकू ओट्यापाशी उभ्या होत्या. माशी बसू नये म्हणून त्यांनी ॲल्युमिनियमचं पातेलं त्या पिसावर उपडं घातलं. बाहेर वजनकाटा निघाला, आवाज चढले, उतरले. काका परत आले तोवर काकू खुर्चीवर बसून जेवत होत्या. पाण्याचा ग्लास भरलेलाच होता.

काका दारातच थांबले. "कसा आहे?"

काकूंनी घास गिळला. पाणी न पिता गिळला. "ओला आहे," त्या म्हणाल्या.

काकांना ते पटलं नाही. पीस चांगला मिळाला असेल, कोंबडी कोवळी असेल. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा ट्रे काढला आणि पुन्हा लगेच सुरी घातली. काकूंनी त्यांचा हात धरला आणि ताटली त्यांच्या नाकासमोर आणली. कापलेल्या पिसातून पाणी निघून ताटलीभर पसरलं होतं.

"हे पाहा. हे कुठं होतं? याच्या आत होतं ना? तुमी गरम गरम कापून राहिले अन् हे सगळं ताटलीत सांडून राहिलं. मंग माह्या तोंडात काय येईल? काल तुमी नव्हते तं त्याले बसायले भेटलं. बसू द्या ना त्याले जरा."

"आत झालं की नाही, कसं समजणार?"

"सुई काय शोभेची आणली? तुमाले कोणाचंच खरं वाटत नाही. पोरीचं नाही, जावयाचं नाही, आता कोंबडीचंही नाही."

मी जायला निघाले, पण काकूंनी मला नजरेनं बसवलं. मग त्यांनी नवऱ्याला टेबलाशी बसवलं, दुसऱ्या पिसावर पातेलं झाकलं आणि शाळेतल्या बाईसारख्या म्हणाल्या, "हात खाली घ्या. मांडीखाली. दाबून बसा. मी सांगेपर्यंत काढायचे नाहीत."

आणि ज्यांच्यासमोर सगळं शॉप उभं राहायचं, ते झाडेसाहेब दोन्ही पंजे मांडीखाली दाबून बसले. त्यांची नजर पातेल्यावर. खांदे हलत होते. "आता?" "नाही." "आता?" "तुमचं लग्नातही असंच होतं. बसा." मला हसू आवरेना. काकूंनी पातेलं उचललं, सुरी स्वतः घेतली आणि कापलं. ताटली कोरडी होती. जे होतं ते पिसात होतं.

त्या दिवशी काकूंनी अख्खा पीस खाल्ला. काका बघत होते. मग उठून नळाशी गेले आणि बराच वेळ तो एक थर्मामीटर धूत राहिले.

त्यानंतर काकूंना चांगली वर्षं मिळाली. अंगावर मांस चढलं, बांगड्या परत मनगटाला बसल्या. त्या स्वतः म्हणू लागल्या, "आज छातीचा नको, मांडीचा करा, काटून बारीक करून द्या." आवडनिवड सांगणाऱ्या काकू मला नव्या होत्या, आणि त्या मला फार आवडल्या. आणि प्रत्येक वेळी, ट्रे बाहेर आला की पातेलं झाकलं जाई आणि काकांचे हात मांडीखाली जात. सांगावं लागत नसे.

त्याच वर्षांत मनीषा आणि जावई दिवाळीला आले. मी फराळाला गेले होते. बोलता बोलता जावई म्हणाला, की त्यानं नोकरी पुन्हा सोडली आहे, स्वतःचं काहीतरी सुरू करतो आहे. मनीषाचा चेहरा ताठ झाला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं. काकांनी तोंड उघडलं. त्यांचा पहिला शब्द ओठावर आलेला मला दिसला. मग त्यांनी तोंड मिटलं. मी खाली पाहिलं तर दोन्ही हात मांडीखाली.

बऱ्याच वेळानं जावयानंच सांगायला सुरुवात केली. कोणतं काम, कोणाबरोबर, भीती कशाची वाटते. कोणी न विचारता. काका ऐकत राहिले आणि शेवटी इतकंच म्हणाले, "चकली घ्या. तुमच्या सासूनं केली आहे, मी नाही."

मग गाठ परत आली. या वेळी डॉक्टरांनी फारसं काही सांगितलं नाही, आणि काकांनीही फारसं विचारलं नाही. शेवटी शेवटी काकू नखाएवढे धागे खात, तेही काकांचं मन राखायला. एकदा त्यांनी अर्धा घास तोंडात धरून मला खूण केली आणि हळूच म्हणाल्या, "चव नाही लागत आता. पण ओला आहे. सांगशील त्यांना, ओला होता म्हणून." मी सांगितलं. काकू गेल्या त्यानंतर सांगितलं. काकांनी मान हलवली.

ओव्हनवर कापड पडलं. मनीषा म्हणे, बाबा, रायपूरला चला. ते म्हणत, पाहू. मी संध्याकाळी जाऊन बसत असे. पोळीभाजीचा डबा लावला होता. त्यातली पोळी ते आधी उलटी करून बघत, एवढीच जुनी सवय उरली होती. मग एक दिवस तेच म्हणाले, "बी.एस्सी., जातो आता. जावई न्यायला येते म्हणे. स्वतः येते म्हणे." आणि ते गेले. जातानाचं स्टेशन मला आठवत नाही, कारण माझे क्लास होते आणि मी गेले नव्हते. मला त्याच्या आधीचा रविवार आठवतो.

दुपारी क्लासला जायला मी स्कूटर काढली आणि मागच्या गल्लीतून निघाले. त्यांच्या स्वयंपाकघराची खिडकी गल्लीत उघडते. कितीतरी महिन्यांनी तिथून लसणाचा आणि तुपाचा वास येत होता. मी स्कूटर थांबवली. हाक मारणार होते, पण मारली नाही.

आत ओव्हनचं दार उघडं होतं. टेबलावर ताटली, ताटलीवर ते ॲल्युमिनियमचं पातेलं उपडं घातलेलं. शेजारी सुरी. घरात दुसरं कोणी नव्हतं. थांबा म्हणणारं कोणी नव्हतं, आणि आता पाणी सांडलं असतं तरी कोणाचा घसा अडणार नव्हता. काका पातेल्याकडे बघत बसले होते, अंग थोडं पुढे झुकलेलं, आणि दोन्ही हात मांडीखाली दाबलेले.